आंब्रिकूरच्या धर्मगुरूची भाकर

झॉर्झ बेर्नानोस यांची 'एका ग्रामीण धर्मगुरूची रोजनिशी' ही फ्रेंच कादंबरी १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला फ्रेंच अकादमीचे कादंबरीसाठीचे मोठे पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये रोबेअर ब्रेसाँ यांनी तिच्यावर चित्रपट काढला. तेव्हापासून उत्तर फ्रान्सच्या चिखलट रस्त्यांवरून पायपीट करणारा, पोटदुखीने पिळवटलेला आंब्रिकूरचा तरुण धर्मगुरू जगभरच्या वाचकांच्या परिचयाचा झाला. भारतीय वाचकाला तर तो फार लवकर आपलासा वाटतो, आणि नेमकी तेथेच अडचण सुरू होते. कृश देह, अपुरा आहार, गावाची कुचेष्टा, रात्रीची जागरणे, प्रार्थनेतील कोरडेपणा आणि शेवटी शांत मरण ही सारी लक्षणे जुळली की भारतीय वाचक त्याला संतांच्या पंक्तीत नेऊन बसवतो. मराठी वाचकाला तुकोबांचे दिवाळे आठवते, बंगाली वा हिंदी वाचकाला दुसरे कोणी आठवते. एकदा ही पंगत ठरली की त्याच्या दारिद्र्याला वैराग्य हे नाव मिळते, आणि त्याविषयी अधिक विचारण्याचे कारण उरत नाही.

वस्तुतः आंब्रिकूरचा धर्मगुरू विरक्त नाही. तो गरीब आहे. या दोन गोष्टींमधील अंतर ज्या वाचनात पुसले जाते, ते वाचन कादंबरीच्या आध्यात्मिक बाजूलाही न्याय देऊ शकत नाही.

कादंबरीच्या सुरुवातीच्या भागात एक साधा प्रसंग आहे. गावातील एक म्हातारा आपल्या पत्नीच्या अंत्यविधीच्या दक्षिणेबद्दल कुरकुर करीत धर्मगुरूकडे येतो. दर धर्मप्रांताने ठरविलेला असतो, धर्मगुरूने नव्हे. तरीही पैशाची गोष्ट निघताच या तरुणाचा जीव शरमेने अर्धा होतो. शेजारच्या तॉर्सी गावचा वयोवृद्ध धर्मगुरू हे ऐकून त्याच्यावर उखडतो. तो माणूस चांगला खाऊनपिऊन सुखी आहे, त्याला दाराबाहेर काढायला हवे होते, असे त्याचे म्हणणे. तॉर्सीचा धर्मगुरू धिप्पाड, व्यवहार जाणणारा, घरचा भक्कम असा आहे. सुस्थितीतला म्हातारा घासाघीस करतो आणि उधारीत बुडालेला तरुण लाजतो, ही विसंगती त्याला तत्काळ दिसते. गरिबाच्या मुलाला मात्र पैसे मागणे म्हणजे भीक मागणेच वाटते, कारण लहानपणापासून त्याने मागण्याचा तेवढाच एक प्रकार पाहिलेला असतो. पुढे वरिष्ठ डीन त्याला उधारीबद्दल समज देतात आणि गावच्या दुकानदारवर्गाचा मान राखण्याचा उपदेश करतात. ईश्वर, पाप, कृपा या विषयांवरची रोजनिशीतील प्रसिद्ध पाने याच हिशेबाच्या कागदांच्या शेजारी लिहिलेली आहेत.

त्याचा आहारही असाच पाहावा लागतो. पोटात दुसरे काही टिकत नाही म्हणून हा माणूस शिळा पाव हलक्या प्रतीच्या वाइनमध्ये बुडवून खातो. गाव त्याला दारुडा ठरविते. टीकाकार मात्र, बहुतेक फार घाईने, पाव आणि वाइन म्हणजे मिस्साबलिदानाची द्रव्ये असे सांगून मोकळे होतात. हे प्रतीक लेखकाच्या मनात होते, यात शंका नाही. परंतु प्रतीक होण्यापूर्वी ती एका आजारी माणसाची भूक असते, स्वयंपाकाला कोणी नसलेल्या घरातील रात्रीचे जेवण असते. प्रतीकाची घाई करणारा टीकाकार आणि चहाडी करणारा गावकरी या दोघांनीही ते ताट नीट पाहिलेले नाही, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

या दारिद्र्याला इतिहास आहे, आणि भारतीय अभ्यासकाने तो जाणून घेण्यासारखा आहे, कारण आपल्या ग्रामव्यवस्थेच्या परिचयामुळे त्याची कल्पना चुकीच्या दिशेने जाण्याचा संभव असतो. मराठी मुलखातील ग्रामजोशी किंवा गुरव हा वतनदार असे. खळ्यावरचा त्याचा वाटा हा हक्क होता, तो वंशपरंपरेने चाले आणि त्यासाठी तो भांडूही शके. फ्रान्समधील ग्रामीण धर्मगुरूला पत्नी नाही, मूल नाही, म्हणून वंश नाही आणि वतनही नाही. क्रांतिपूर्व काळात शेतकरी चर्चला धान्याचा दशांश देत असे, पण अनेक ठिकाणी तो मठांच्या किंवा मोठ्या धर्मपीठांच्या कोठारात जाई. प्रत्यक्ष बाप्तिस्मा देणाऱ्या, मृतांना मूठमाती देणाऱ्या धर्मगुरूच्या हाती एक ठरीव तनखा पडे. १६८६ मध्ये तो ३०० लिव्र होता, १७६८ मध्ये ५०० झाला आणि १७८६ मध्ये ७००. महागाईने त्यातला किती भाग खाल्ला, हे त्या शतकातील धर्मगुरूंच्या तक्रारअर्जांवरून कळते.

१७८९ मध्ये राजाने वर्गसभा बोलावली, तेव्हा धर्मगुरुवर्गाच्या प्रतिनिधींत दोन-तृतीयांशांहून अधिक असे सामान्य धर्मगुरूच निवडून आले. १३ जून रोजी प्वातू प्रांताचे तीन धर्मगुरू आपल्या बिशपांची बाके सोडून तिसऱ्या वर्गाच्या सभागृहात गेले. त्यांच्या मागून इतर गेले, आणि राष्ट्रीय सभेचा मार्ग मोकळा झाला. क्रांतीच्या इतिहासात व्हर्सायच्या सभागृहांइतकेच स्थान खेड्यातील धर्मगुरूंच्या रिकाम्या कणग्यांनाही आहे. दैवाचा खेळ असा की, १७९० च्या नव्या कायद्याने त्यांचे वेतन वाढविले आणि लगेच राज्यनिष्ठेची शपथही मागितली. ज्यांनी ती नाकारली त्यांच्या वाट्याला पुढे निर्वासन किंवा मृत्यू आला. ज्यांनी ती घेतली त्यांच्याकडे त्यांचेच गावकरी पाठ फिरवू लागले.

नेपोलियन आणि पोप यांच्यातील १८०१ च्या करारानंतर वेतन सरकारी झाले. पण १८०२ च्या नियमांनी खेड्यांतील बहुसंख्य धर्मगुरूंना केवळ तात्पुरत्या सेवेकऱ्यांचा दर्जा दिला. बिशपच्या मर्जीने त्यांना केव्हाही हलविता येई. १८३९ मध्ये आलिञोल या दोन धर्मगुरू बंधूंनी या स्थितीवर पुस्तकच लिहिले. सरकारी का असेना, निदान नेमाने मिळणारे हे वेतन ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने बंद केले. राज्य आणि चर्च विभक्त झाले. विभक्तीनंतरच्या मालमत्तेसाठी कायद्याने सुचविलेली संस्थात्मक व्यवस्था पोप दहावे पायस यांनी १९०६ मध्ये फेटाळली. परिणामी धर्मगुरूचे राहते घरदेखील गावच्या नगरपालिकेकडे गेले, आणि अनेकांना तेथे भाडेकरू म्हणून राहण्याची पाळी आली. यापुढे त्याचा निर्वाह श्रद्धावंतांच्या ऐच्छिक वर्गणीवर होता. ज्या गावात श्रद्धा आटली आहे त्या गावात वर्गणीही आटणार, हे सांगण्यास अर्थशास्त्री नको. बेर्नानोस आंब्रिकूरचे वर्णन कंटाळ्याने कुरतडलेले गाव असे करतात तेव्हा त्या कंटाळ्याची झळ धर्मगुरूच्या आत्म्याबरोबर त्याच्या चुलीलाही लागते.

निवडलेले दारिद्र्य आणि वाट्याला आलेले दारिद्र्य यांतील भेद बेर्नानोस यांना ठाऊक होता. आर्स या लहानशा गावी १८१८ मध्ये रुजू झालेले झाँ-मारी व्हिआने उकडलेले बटाटे करून ठेवीत आणि तेच थंड बटाटे दिवसेंदिवस खात. लॅटिन न जमल्यामुळे ज्यांची दीक्षाच धोक्यात आली होती, ते हे शेतकऱ्याचे पुत्र १९२५ मध्ये संतपदाला पोहोचले आणि १९२९ मध्ये सर्व ग्रामधर्मगुरूंचे पालक-संत ठरले. बेर्नानोस यांच्या १९२६ च्या पहिल्या कादंबरीतील धर्मगुरूवर आर्सच्या या संताची छाया स्पष्ट आहे. तेथे उपवास हे तप आहे, देहदंड आहे, सैतानाशी झुंज आहे. दहा वर्षांनंतरच्या रोजनिशीत मात्र लेखकाने ते सारे भव्य साहित्य बाजूला ठेवले. आंब्रिकूरचा धर्मगुरू उपवास करीत नाही. त्याला जेवता येत नाही, आणि रोगाचे नाव शेवटी लिल शहरातील डॉक्टरकडून कळते: पोटाचा कर्करोग. या बदलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लेखकाच्या अनुभवाचा त्यात वाटा असावा. सहा मुलांचा बाप, १९३३ च्या मोटारसायकल अपघातात अपंग झालेला, प्रकाशकाकडून पानामागे मोबदला घेणारा हा कादंबरीकार १९३४ मध्ये स्वस्ताईसाठी मायोर्का बेटावर जाऊन राहिला, आणि तेथेच ही रोजनिशी लिहिली गेली. बेर्नानोस राजसत्तावादी होते, त्यांचे अनेक राजकीय ग्रह आज कोणालाही पटणार नाहीत. परंतु महिनाअखेर म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

त्यांच्या नायकाचे बालपण सांगताना लेखक एक विलक्षण तपशील देतो. हा मुलगा काही काळ आपल्या मावशीकडे राहिला. ती खाणमजुरांना जिन विकी, लाकडी फळ्यांच्या एका खोपटात, आणि तेथे येत ते याहून बऱ्या गुत्त्यात जाण्याची ऐपत नसलेले मजूर. याच वयात त्याच्या हाती गॉर्कीच्या बालपणीच्या आठवणी पडतात, आणि आपल्यासारखेच दुसरे कोणी आहे असे त्याला वाटते. कॅथलिक कादंबरीचा नायक संतचरित्रातून नव्हे, गॉर्कीतून स्वतःला ओळखतो! ज्या भारतीय भाषांतील दोन-तीन पिढ्या गॉर्कीवर वाढल्या, तेथील अभ्यासकांनी हा दुवा उचलू नये, याचे आश्चर्य वाटते.

सेमिनरीने या मुलाला लॅटिन दिले, काळा झगा दिला, आणि ज्या लोकांतून तो आला त्यांच्यापासून त्याला तोडले. काउंटच्या वाड्यात तो अतिथी म्हणून जातो खरा, पण तेथील चालीरीती त्याला ठाऊक नाहीत. मजुरांच्या घरी त्या झग्यामुळे तो साहेब ठरतो. वाड्यावरील काउंटेसशी त्याचा जो दीर्घ संवाद होतो, तो विसाव्या शतकातील कादंबरीच्या थोर प्रसंगांपैकी एक आहे. आपल्या मृत बालकाच्या शोकात ईश्वराशी वैर धरून बसलेली ती अभिमानी स्त्री अखेर शांत होते, आणि त्याच रात्री तिचा मृत्यू होतो. दारुड्यांच्या कुळातला, खोपटात वाढलेला मुलगा येथे एका उमरावकुलीन स्त्रीशी बरोबरीनेच नव्हे, अधिकाराने बोलतो. हा अधिकार त्याला कोठून येतो? पदातून, असे चर्च म्हणेल. कृपेतून, असे बेर्नानोस म्हणतात. पण त्या स्त्रीसमोर बसलेल्या माणसापाशी गमावण्यासारखे काही नाही, हेही त्या खोलीत जाणवत असते. आणि दुसऱ्याच दिवसापासून या अधिकाराची किंमत वसूल होऊ लागते. काउंट रुष्ट, वरिष्ठ साशंक, गावात कुजबूज. तॉर्सीचा भक्कम धर्मगुरू असता तर हे इतक्या सहज घडते का, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही, पण वाचकाने विचारावा.

भारतीय साहित्यातील समांतर उदाहरणे येथे उपयोगी पडतात, अर्थात ती योग्य ठिकाणी शोधली तर. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' (१९६५) या कन्नड कादंबरीतही प्रारंभीच अंत्यविधीचा प्रश्न आहे. चंद्री आपले दागिने काढून ठेवते आणि अग्रहारातील ब्राह्मणांची धर्मचर्चा सोन्याच्या झळाळीने डळमळते. परंतु प्राणेशाचार्य या साऱ्याच्या वर आहेत. त्यांच्या विद्वत्तेला अग्रहाराचा आधार आहे आणि त्यांचे संकट भुकेचे नाही. मल्याळम कथेत पोन्कुन्नम वर्की यांनी चर्चच्या सत्तेवर प्रखर प्रहार केले. तेथे पुरोहित सत्तेच्या बाजूला दिसतो, आणि केरळच्या समाजरचनेत ते स्वाभाविकच होते. सत्ताहीन पुरोहित मात्र आपल्या साहित्यात क्वचित भेटतो.

मराठीत जवळचे पुस्तक शोधायचे तर ते कादंबरीत सापडत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागली, म्हणजे बेर्नानोस यांच्या रोजनिशीची ती समकालीन होत. ना. वा. टिळक प्रॉटेस्टंट, गृहस्थाश्रमी, कवी. आंब्रिकूरच्या एकाकी कॅथलिक धर्मगुरूशी त्यांचे साम्य मर्यादित आहे, हे उघड आहे. पण हाती आलेला पैसा वाटून टाकणारा धर्मोपदेशक आणि उद्याच्या पिठाची विवंचना करणारी त्याची पत्नी यांच्या त्या संसारात दारिद्र्याला दोन तोंडे आहेत. एकाने ते निवडलेले आहे, दुसरीला ते निभवावे लागते. लक्ष्मीबाईंच्या विनोदाने ही गोष्ट इतकी लख्ख दाखविली आहे की त्यानंतर मराठी वाचकाने तरी 'स्वेच्छादारिद्र्य' हा शब्द जपून वापरायला हवा. आंब्रिकूरच्या घरात लक्ष्मीबाई नाहीत. हिशेब सांभाळणारे, रागावणारे, दुपारी चार घास पुढे करणारे कोणी नाही. निवडणारा आणि निभावणारा एकच आहे, आणि त्याने निवडले होते ते ब्रह्मचर्य व सेवा. उपासमार त्या व्रतात नव्हती.

कॅथलिक धर्मगुरू भारतीय साहित्येतिहासाला अपरिचित नाही. साष्टीच्या गावांतून धर्मकार्य करीत १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' सिद्ध करणारे थॉमस स्टीफन्स, 'रामकथा' या प्रबंधाने हिंदी संशोधनात अढळ झालेले कामिल बुल्के, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे, २०२४ मध्ये निवर्तलेले वसईचे फ्रान्सिस दिब्रिटो यांना आपण ग्रंथकार म्हणून ओळखतो. ग्रंथ न लिहिणारा, आडगावच्या चर्चमध्ये प्रवचनाला पाच माणसे जमतील की सहा याची वाट पाहणारा धर्मगुरू या इतिहासात येत नाही. तो येण्याचे स्थान कादंबरीच होय.

यावर एक आक्षेप संभवतो. कृपेच्या रहस्याविषयीची कादंबरी अशा रीतीने वाण्याच्या वहीपर्यंत खाली आणली जाते, असा तो आक्षेप. परंतु खाली आणण्याचे काम लेखकानेच केले आहे. तॉर्सीचा धर्मगुरू तरुणपणी खाणमजुरांत काम करीत असताना १८९१ मध्ये मजुरांच्या प्रश्नावरील पोप तेरावे लिओ यांचे परिपत्र आले. पायांखालची भूमी हादरल्यासारखे तेव्हा कसे वाटले, हे तो सांगतो, आणि ते सांगताना त्याचा आवाज चढतो. डॉक्टर देल्बांद न्यायाच्या प्रश्नाने तळमळत बंदुकीच्या गोळीने मरतात, अपघाताने की स्वतःच्या हाताने, हे संदिग्धच राहते. दारिद्र्य हा या पुस्तकाचा देखावा नसून वादविषय आहे. चर्चनेही पुढे हा वाद वेगळ्या भाषेत मान्य केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या जीवनाविषयी जो निर्णय प्रसिद्ध केला, त्यात स्वेच्छेने पत्करलेल्या दारिद्र्याची स्तुती आहे आणि न्याय्य मोबदल्याची मागणीही आहे. एकाच दस्तऐवजातील ही दोन कलमे एकमेकांकडे जरा अवघडून पाहतात.

मराठी अनुवादकाला हा प्रश्न पहिल्याच पानावर भेटतो. फ्रेंच 'क्यूरे' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील काळजी, देखभाल हा अर्थ आहे. ज्याच्यावर गावाची काळजी सोपविली तो क्यूरे. 'धर्मगुरू' म्हणताच त्यात गुरू येतो, आसन येते, चरणस्पर्श येतो. 'पाद्री' म्हणावे तर शंभर वर्षांच्या मिशनविरोधी वादाची धूळ त्या शब्दावर बसलेली आहे. वसईच्या बोलण्यातील 'फादर' कदाचित सर्वांत निर्मळ ठरेल. पावासाठी मात्र मराठीजवळ अधिक चांगला शब्द तयार आहे. मराठी बायबलाने प्रार्थनेतील रोजच्या अन्नासाठी 'भाकर' हा शब्द रुळविला, आणि कष्टकऱ्याची भूक त्याच शब्दात बसलेली आहे. बेकरीतल्या 'पावा'ने जे साधणार नाही ते 'भाकर' साधेल, जरी आंब्रिकूरला ज्वारी पिकत नसली तरी. वाइनचे काम अवघड आहे. वेदीवर तो 'द्राक्षारस' असतो आणि गावाच्या तोंडी 'दारू'. अनुवादकाने दोन्ही शब्द ठेवावे लागतील, आणि प्रत्येक पानावर ठरवावे लागेल की त्या टेबलावरच्या अर्ध्या बाटलीकडे या क्षणी कोण पाहत आहे.